कासवाने खाणे सोडले तर



कारखान्याच्या पत्रकात बैलाविषयी लिहावे, म्हशीविषयी लिहावे, खोडकिडीविषयी तर लिहावेच लिहावे. पण कासवाविषयी? शीर्षक वाचून काही मंडळी हसतील, याची आम्हांला कल्पना आहे. तरीही लिहितो आहोत, कारण हा प्रश्न सभासदांच्या घरांतून आमच्यापर्यंत एकदा नव्हे, दोन-तीनदा आला. पोरेबाळे शिक्षणाला शहरात जातात, दिवाळीच्या सुटीला येताना काचेच्या भांड्यातून कासव घेऊन येतात. नाहीतर विहिरीचा गाळ काढताना, पाटाची दुरुस्ती चालू असताना एखादे सापडते, आणि मुले ते घरी आणतात. पहिले चार दिवस कौतुकाचे. मग ते खायचे थांबते, आणि घरातल्या कुणालाच काय करावे ते सुचत नाही.

गेल्या थंडीत बिलाच्या चौकशीला आलेले एक वयस्क सभासद काम आटोपल्यावरही दारात घुटमळत राहिले. विचारले तर म्हणाले, "नातीचं कासव हाय. धा-बारा दिस झालं, तोंडच लावत न्हाई बघा. डोळं सुजल्यात. पोर रडती. शेळ्यास्नी गोचिडाचं औषध टोचत्यात, त्यातलं थेंबभर टोचावं म्हणतो."

हा लेख लिहायचे ठरले ते या थेंबाच्या धसक्याने. गुराढोरांच्या गोचिडांवर आणि जंतांवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध कासवाला विषासमान आहे. त्याने अंग लुळे पडते आणि कासव मरते. शेळीला जे गुण देते ते कासवाला मारते, ही गोष्ट प्रत्येक गोठेवाल्याने ध्यानात ठेवावी. गोठ्यातल्या कपाटातले कोणतेही औषध कासवाला आपल्या अकलेने देऊ नये. मग करावे काय? क्रमाने बघू.

कासव कोणते, ते आधी ओळखा

आपल्याकडे घरात दिसणारी कासवे बहुधा तीन प्रकारची असतात.

पहिले शहरातल्या माशांच्या दुकानातून येते ते. रंग हिरवा, अंगावर पिवळ्या रेघा आणि दोन्ही डोळ्यांमागे तांबडा पट्टा. हे मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. विकत घेताना ते पेढ्याएवढे दिसते, पण वाढत वाढत जेवणाच्या ताटाएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. हे दुकानदार सहसा सांगत नाही.

दुसरे आपल्या विहिरी-तळ्यांतले. पाठ गुळगुळीत, मातकट-हिरवी, नाकाचा शेंडा बारीक नळीसारखा पुढे आलेला. उलटे करून पाहिले तर मागच्या पायांवर कातडी झाकणे दिसतात. पाय आत घेतले की वरून झाकण बंद.

तिसरे तारका कासव. घुमटासारखी उंच पाठ, काळ्यावर पिवळ्या चांदण्या काढल्यासारखी नक्षी. हे पूर्णपणे जमिनीवरचे. आपल्या ऊसपट्ट्यात ते सहसा आढळत नाही. कुणाच्या घरी दिसले तर ते बाहेरून चोरट्या मार्गाने आलेले असण्याचाच संभव अधिक.

ही ओळख एवढ्यासाठी महत्त्वाची, की निम्म्या वेळा खाणे सुटण्याचे कारण इथेच सापडते. पाण्यातल्या कासवाला घास गिळायला पाणी लागते. त्याला कोरड्या खोक्यात ठेवून पुढे कितीही जिन्नस मांडा, ते गिळूच शकत नाही. उलट तारका कासवाला पोहता येत नाही. त्याला पाण्याने भरलेल्या टपात सोडले, तर ते खाण्याऐवजी जीव वाचवण्याची धडपड करते आणि शेवटी बुडून मरते. 'कासव म्हणजे पाण्यातलाच जीव' या समजुतीपायी कितीतरी जीव असे जातात.

बॉयलर थंड, तर गव्हाणीत मोळी टाकून काय उपयोग?

आता मुख्य गोष्ट. गाय, बैल, माणूस यांच्या अंगात स्वतःची ऊब असते. कासवाच्या अंगात ती नसते. ऊन लागले, पाणी कोमट असले, की त्याचे शरीर चालते. गारठा पडला की ते मंदावते. पोटातले अन्नही उबेवाचून जिरत नाही. आपण सारे कारखान्याचे सभासद, तेव्हा एवढे सांगितले की पुरे: बॉयलर थंड असताना गव्हाणीत मोळ्या टाकून रसाची साखर होत नाही. कासवाचेही तसेच. आधी बॉयलर पेटला पाहिजे.

आपल्याकडे गळीत हंगाम ऐन भरात येतो त्याच सुमारास, मार्गशीर्ष-पौषात, कासवे खाणे सोडतात. तो योगायोग नाही. नदीकाठच्या गावांत तेव्हा रात्री गारठा चांगलाच झोंबतो. पडवीतल्या टपातले पाणी पहाटे बर्फासारखे लागते. अशा वेळी कासव खात नाही, ते त्याच्या शहाणपणाचे आहे. थंड पोटात कोंबलेले अन्न आत सडते आणि त्याने मात्र खरा आजार होतो.

दुकानातल्या त्या परदेशी कासवासाठी पाणी साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस असावे. पाण्याबाहेर चढून बसायला एक कोरडी, उबदार जागा हवी. तिथे ३० ते ३५ अंश ऊब मिळावी. एखादा सपाट दगड किंवा पालथी घातलेली विट चालते, मात्र चढण सोपी पाहिजे. थंडीत कोंबडीच्या पिल्लांना आपण बल्बची ऊब देतो, तसाच ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब त्या दगडाच्या वर हात-दीड हात उंचीवर टांगावा. वायर पक्की बांधावी, ती पाण्यात पडता कामा नये. नव्या एल.ई.डी. दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही.

आणि ऊन. सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास तरी थेट अंगावर पडले पाहिजे. उन्हातल्या ज्या किरणांमुळे हाडे आणि कवच घट्ट होते, ते काचेतून आत येत नाहीत. म्हणून खिडकीच्या काचेआडचे ऊन कामाचे नाही. उलट काचेची पेटीच उन्हात ठेवली तर पाणी तापते आणि आतला जीव शिजतो. रुंद पाटीत किंवा टपात, अर्ध्या भागावर फळी टाकून सावली करावी. कासवाला नको वाटले तर सावलीत जाता आले पाहिजे. शेजारी माणूस बसलेले बरे. घार, कावळा, कुत्रे यांना ते लहान कासव म्हणजे आयता घास.

काय घालू नये, काय घालावे

आपल्या घरांत पाहुणा आला की त्याला आपले ताट वाढायची रीत आहे. कासवालाही चपाती, भात, पाव, दूध, बिस्किट दिले जाते. यातले काहीही त्याचे अन्न नाही. दूध तर त्याला पचतच नाही.

दुसरी चूक दुकानातून मिळणाऱ्या वाळक्या कोळंबीची. डबीवर कासवाचे चित्र असते, म्हणून घरचे लोक वर्षानुवर्षे तेवढेच देतात. म्हणजे माणसाला नुसत्या कुरमुऱ्यांवर जगवण्यासारखे झाले. 'अ' जीवनसत्त्व कमी पडते, पापण्या सुजतात, डोळे मिटतात. डोळ्यांना दिसत नाही म्हणून कासव खात नाही, आणि खात नाही म्हणून आणखी अशक्त होते. त्या आजोबांच्या नातीच्या कासवाचे नेमके हेच झालेले निघाले. पडवीतला गारठा, वर वाळकी कोळंबी. डॉक्टरांनी तपासून औषध दिले, ऊब आणि आहार बदलायला सांगितले. तिसऱ्या आठवड्यात त्याने गांडुळाचा पहिला तुकडा घेतला, असा निरोप आम्हांला ऊस भरून आलेल्या ट्रॅक्टरच्या चालकाकडून मिळाला. जीवनसत्त्वाचे इंजेक्शन किंवा थेंब मात्र डॉक्टरांनीच ठरवावेत. ते जास्त झाले तर कातडी सोलवटते.

या कासवाला लहानपणी मांसाहार जास्त लागतो, मोठेपणी पाला जास्त. गांडूळ, लहान मासा काट्यासकट, गोगलगाय. आणि पाल्यात शेवग्याची पाने, किसलेले गाजर, लाल भोपळा, तळ्यातले शेवाळ. पालक रोज देऊ नये, त्यातल्या आम्लामुळे चुना अंगी लागत नाही. चुन्यासाठी समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकून ठेवावा, ते हवे तेव्हा कुरतडते. पाला मात्र कुठून आणता ते पाहा. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेल्या बांधावरचा पाला नको. आपल्या उसाच्या सरीत जे फवारले, ते त्या एवढ्याशा जिवाला पुरून उरते.

खाणे सुटण्याची आणखी कारणे

नवी जागा: घर बदलले, मुलांनी दिवसातून दहा वेळा उचलले, कुत्रे सतत हुंगत राहिले, तर कासव भेदरून खात नाही. आठवडाभर त्याला शांतपणे एकटे सोडावे.

अंड्यांचे दिवस: मादी असेल तर खाणे सोडते, अस्वस्थ होऊन फिरते, मागच्या पायांनी उकरू पाहते. नर जवळ नसला तरी ती अंडी घालते. तिला ओलसर वाळू-मातीची, तिच्या अंगाइतकी तरी खोल जागा हवी. ती मिळाली नाही तर अंडी आत अडकतात आणि जिवावर बेतते.

घाण पाणी: हे कासव पाण्यातच खाते आणि पाण्यातच घाण करते. दोन दिवसांनी पाणी बदलावे. नळाच्या पाण्याला औषधाचा वास असेल तर रात्रभर उघडे ठेवून वापरावे. खाऊ घालायला वेगळे पातेले ठेवले तर मूळचे पाणी जास्त दिवस चांगले राहते.

पोटात किंवा घशात अडकलेली वस्तू: पेटीतले बारीक खडे कासव गिळते. विहिरी-ओढ्यातल्या कासवाच्या तोंडात गळ अडकलेला असू शकतो. दोरी दिसली तरी ओढू नका, घसा फाटतो.

घरी काय करावे

एक, चमच्याने किंवा चिमट्याने तोंड उघडून कोंबू नका. घास श्वासनलिकेत जातो. दोन, आधी वर सांगितल्याप्रमाणे ऊब आणि ऊन यांची व्यवस्था लावा. तीन, रोज सकाळी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवा. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचे पाणी आपण कोपराने पाहतो, तसे पाहावे. कोपराला गरम लागता कामा नये. पाणी हनुवटीच्या खालीच राहील इतके. यात ते पाणी पिते, पोट साफ होते, आणि कित्येकदा त्याच दिवशी भूक लागते. चार, अंग उबले की मगच, सकाळी दहा-अकराच्या सुमारास, थोडेसे अन्न पुढे ठेवा. वळवळणारे गांडूळ किंवा वासाचा माशाचा तुकडा पाहून रुसलेले कासवही मान बाहेर काढते. अर्ध्या तासात खाल्ले नाही तर उचलून टाका. पाच, आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर नव्हे, त्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा.

वेगळा काटा म्हणण्याला कारण आहे. कासव वरून निरोगी दिसले तरी त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचे जंतू येतात. त्याने माणसाला जुलाब-ताप होतो, लहान मुलांना जास्त. याच कारणाने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी घातली. तेव्हा कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, मुलांनी त्याचे मुके घेऊ नयेत, आणि त्याचे भांडे मोरीत धुवावे, भांड्यांच्या ओट्यावर नव्हे.

दवाखाना कधी गाठावा

धडधाकट मोठे कासव थंडीत दोन-तीन आठवडे खाल्ले नाही तरी तग धरते. पिल्लाला तेवढा दम नसतो, त्याच्यासाठी चार-पाच दिवस पुष्कळ झाले. वजन दहावा हिस्सा घटले, म्हणजे ३०० ग्रॅमचे २७० झाले, की थांबू नये. शिवाय पुढचे एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी निघावे: तोंड उघडे टाकून श्वास घेणे, नाकातून फेस येणे, पाण्यात एका बाजूला कलून तरंगणे (हे फुप्फुसाच्या आजाराचे लक्षण), डोळे सुजून मिटणे, कवच बोटाने दाबले तर दबणे, पोटाकडच्या कवचावर लाली येणे, शेपटीखालून मांसल भाग बाहेर येणे, कवचाला तडा जाणे.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजचा राबता गाई-म्हशींचा असतो. तिथे कासवाचा अनुभव असेलच असे नाही, पण पुढे कुणाकडे जावे ते डॉक्टर सांगू शकतात. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येईल. नेताना भोके पाडलेल्या खोक्यात ओलसर फडके घालून न्यावे, पाण्यात घालून नव्हे; एस.टी.च्या हेलकाव्यात ते उलटे होऊन गुदमरते.

आपल्या विहिरीतले कासव आपले नव्हे

आता कायद्याचे. पाण्यातले झाकणवाले कासव आणि तारका कासव, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंक्तीत. त्यांना पकडणे, घरात ठेवणे, विकणे हा गुन्हा आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता त्यासाठी तीन ते सात वर्षे कैद आणि कमीत कमी २५,००० रुपये दंड होऊ शकतो. 'पोरानं हौसेनं आणलं हो' हे कोर्टात चालत नाही.

विहिरीचा गाळ काढताना चैत्र-वैशाखात चिखलात निपचित पडलेले कासव सापडते. ते आजारी नसते. पाणी आटले की हे कासव ओल्या चिखलात स्वतःला गाडून घेते आणि पावसाची वाट बघत पडून राहते. त्या काळात ते खात नाही, खायला घालायचेही नसते. त्याला घरी आणून पोळी भरवण्यात त्याचे हाल आहेत. जखमी असेल किंवा जागाच उरली नसेल, तर वनविभागाला कळवावे. १९२६ या क्रमांकावर फोन लागतो. माणूस येईपर्यंत झाकलेल्या पाटीत, ओल्या गोणपाटावर, सावलीत ठेवावे. एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने त्याचे काही बिघडत नाही.

विहिरीत कासव सोडले की पाणी स्वच्छ राहते, असे जुनी माणसे सांगत. मेलेले बेडूक, मासे ते खाते, यात तथ्य आहे. पण आजची बांधीव, सरळ कठड्याची विहीर म्हणजे त्याला तुरुंग. वर चढता येत नाही, ऊन मिळत नाही, मादीला अंडी घालायला माती मिळत नाही. घरात कासव ठेवले की लक्ष्मी येते असेही कुणी सांगते. देवळाच्या सभामंडपातले दगडी कासव आपण पिढ्यान्‌पिढ्या नमस्कारत आलो, ते पुरे आहे. आणि वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पाडून देतो म्हणणारा भेटला, तर तो आपल्या उसाच्या बिलावर टपलेला आहे असे खुशाल समजावे. अशा भोंदूंसाठी आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

दुकानातल्या परदेशी कासवाचा कंटाळा आला म्हणून ते नदीत, पाटात, शेततळ्यात सोडून देऊ नये. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. ते आपल्या कासवांचे अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावते, आपले आजार त्यांना देते. एकदा आणले की ते सांभाळायचे, नाहीतर सांभाळणारा दुसरा शोधायचा. खरे म्हणजे आणण्याआधीच वीस-तीस वर्षांचा हिशेब मांडावा.

संतवाङ्मयात कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते, अशी कल्पना आहे. प्रत्यक्षात कासवी मातीत अंडी घालते, वर माती ओढते आणि निघून जाते. पिल्लू पहिल्या दिवसापासून आपले पोट आपण भरते. पण ज्याने कासव पाळले, त्याला मात्र ते नजरेनेच वाढवावे लागते. गाय हंबरते, शेळी ओरडते, बैलाने वैरण टाकली तर सकाळी गड्याला गव्हाणीत दिसते. कासव काहीच सांगत नाही. त्याने खाणे सोडले, हीच त्याची हाक. ती ऐकू आली की घास घेऊन धावू नये. आधी हात पाण्यात घालून बघावा, पाणी किती गार आहे ते.

सभासदांच्या घरी असे कासव असेल तर हा अंक मुलांच्या हाती द्यावा. वजनाची वही त्यांनाच ठेवू द्यावी.